बिऱ्हाड आणि पेटारा : संगीत नाटकाची आर्थिक जोखीम आणि त्याचा रूपबंध

मराठी संगीत रंगभूमीच्या इतिहासात पैशाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र ते बहुतांशी आख्यायिकेच्या भाषेत. अस्सल जरीचे शालू, अत्तराचा दरवळ, पंगतीला मांडलेली शेकडो पाने आणि शेवटी सावकाराच्या दारात उभा राहिलेला नट, अशा चित्रांची एक मालिका स्मरणग्रंथांतून व चरित्रांतून वाचकापुढे येते. वैभव, उधळपट्टी आणि अधःपात हा या मालिकेचा ठरलेला क्रम होय. स्मरणरंजनाला ती पुरेशी असेल; समीक्षेला पुरत नाही. कारण तीत खर्च हा कोणा एका व्यक्तीच्या स्वभावाचा गुण किंवा दोष ठरतो आणि नाट्यप्रकाराच्या घडणीशी असलेले त्याचे नाते नजरेआड होते. संगीत नाटक महाग का झाले, त्याची जोखीम नेमकी कोणाच्या शिरावर होती आणि त्या जोखमीने नाटकाच्या रूपबंधावर कोणते परिणाम केले, हे प्रश्न वाङ्मयबाह्य म्हणून बाजूला ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे. प्रयोग ही ज्या कलेची अपरिहार्य अट आहे, तिच्याबाबत ही सवय महागात पडते.

या प्रश्नांचा विचार पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांपासून सुरू न करता सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यापासून सुरू करण्यात एक सोय आहे. मालवण, वेंगुर्ले, कुडाळ, सावंतवाडी या पट्ट्यात संगीताने भरलेले, पौराणिक आख्यानांवर आधारलेले आणि पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याची चाल टिकवून ठेवलेले एक नाटक आजही रात्रीच्या रात्री उभे राहते. दशावताराची ही परंपरा मराठी संगीत नाटकाहून जुनी आहे. तिच्यात कोणाचे नशीब फळफळल्याच्या कथा नाहीत, तसेच एखादे मंडळ कर्जात बुडून इतिहासजमा झाल्याची शोकांतिकाही तिच्या सामूहिक स्मृतीत ठळक नाही. ही केवळ गरिबीची पुण्याई मानणे हा भाबडेपणा ठरेल. दशावताराची अर्थरचनाच वेगळी आहे, आणि ती तपशिलात पाहण्याजोगी आहे.

कार्तिकातील त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास दक्षिण कोकणात जत्रांचा हंगाम सुरू होतो. दशावतारी मंडळ एका गावाहून दुसऱ्या गावी जाते, देवळाच्या पुढ्यात किंवा जवळच्या मोकळ्या जागेत खेळ लावते आणि पहाटे दहीकाल्याने त्याची सांगता करते. कोणत्या देवळाची जत्रा कोणत्या मंडळाने करायची, हे पुष्कळ ठिकाणी सालाबादप्रमाणे ठरलेले असते. बिदागी देवस्थान, मानकरी किंवा गाव देते. एखाद्याने नवस बोललेला असेल तर त्या नाटकाचा खर्च त्या घरचा. प्रेक्षकाला तिकीट नसते. आरतीचे ताट फिरते तेव्हा ज्याने त्याने इच्छेप्रमाणे त्यात नाणी-नोटा टाकाव्यात, इतकेच. मंडळाची मालमत्ता म्हणजे पेटारा. गणपतीचा मुखवटा, लाकडी शस्त्रे, मुकुट आणि थोडे कपडे मावणारी ही पेटी पूर्वी डोक्यावरून वाहून नेली जाई आणि तिला देवत्वही असे. रंगमंचावर मागे एक पडदा, पुढे एक लाकडी बाकडे आणि बाजूला हार्मोनियम, पखवाज व झांज. ते बाकडे सिंहासन होते, रथ होते, पर्वत होते. बहुतेक नट आपली रंगभूषा आपणच करतात. स्त्रीपार्टी नटाची साडी आणि दागिने बहुधा त्याचे स्वतःचे असतात. लिखित संहिता नसते. आख्यान ठरते, पात्रे वाटली जातात आणि संवाद उभ्याउभ्या रचले जातात.

या व्यवस्थेत जोखीम एका ठिकाणी साचत नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. प्रयोग रंगला नाही तर मालकाचे भांडवल बुडत नाही, कारण भांडवल असे फारसे नाहीच. गावाने दिलेली बिदागी गावाच्या धर्मकृत्याचा भाग असते आणि ती प्रयोगाच्या गुणवत्तेवर सर्वस्वी अवलंबून नसते. एक नट आजारी पडला तर दुसरा त्याचे पात्र घेतो. पाठांतराचा प्रश्न नसल्यामुळे हे एका संध्याकाळीही जमते. आणि सर्वांत निर्णायक बाब म्हणजे पावसाळा. मृगाच्या तोंडावर जत्रांचा हंगाम संपतो, मंडळ विखुरते, नट आपापल्या गावी शेताच्या कामाला जातो. पुढल्या कार्तिकापर्यंत त्याला पोसण्याची जबाबदारी मालकावर नसते, ती शेतावर असते. दशावतारी नट बारमाही नट नाही, ही त्याच्या कलेची मर्यादा म्हणून सांगितली जाते. ती त्याच्या रंगभूमीची सुरक्षाठेवही आहे. अर्थात या सुरक्षेची किंमत नट स्वतः मोजतो. त्याच्या वाट्याला येणारी तुटपुंजी बिदागी आणि म्हातारपणची परवड हा या हिशेबातील न लिहिलेला रकाना होय, आणि लोककलेच्या गौरवगाथांनी त्याकडे सोयीस्कर डोळेझाक केली आहे.

मराठी नाटकाच्या प्रारंभी हीच रचना शहरात आली होती. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले, त्यामागे कर्नाटकाच्या किनाऱ्यावरील कर्की येथून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळाची प्रेरणा होती, हे सर्वश्रुत आहे. भावे यांच्या नाटकात पदे सूत्रधार म्हणे; पात्रे त्या पदांच्या आधाराने गद्य भाषणे करीत. दशावतारातील नाईकाशी या सूत्रधाराचे साम्य उघड आहे. फरक होता तो पोशिंद्याचा. देवळाच्या जागी संस्थानिक आला. चिंतामणराव पटवर्धन १८५१ मध्ये निवर्तले आणि आश्रय संपला. भावे यांना दौऱ्यावर निघावे लागले आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून प्रयोग झाले. देवळाचा आश्रय व्यक्तीच्या मृत्यूने संपत नाही, राजाश्रय संपतो, आणि तिकिटाचा आश्रय तर दर रात्री नव्याने मिळवावा लागतो. मराठी नाटकाची व्यावसायिकता म्हणून जिचे कौतुक केले जाते, ती या अर्थाने एका आश्रयाच्या मरणातून निघाली.

तथापि तिकीट आले म्हणून नाटक महाग झाले नाही. ते महाग होण्याची प्रक्रिया रूपबंधातील एका बदलापाशी सुरू होते. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात झाला. त्यात पदे सूत्रधाराकडून काढून पात्रांच्या तोंडी देण्यात आली. नाट्यदृष्ट्या ही क्रांतीच होती. दुष्यंत आपल्या मनीचे आपणच गाऊ लागला आणि भाव व स्वर एकाच देहात नांदू लागले. पण याच क्षणी गाणारा नट अनन्य झाला. सूत्रधार बदलता येत होता, पात्र बदलता येत होते. गाणारे पात्र मात्र त्याच्या गळ्यासकट बदलता येत नव्हते. प्रेक्षक हळूहळू शकुंतलेला नव्हे, अमुक गळ्याच्या शकुंतलेला पाहण्यासाठी पैसे देऊ लागला. जोखीम गावाकडून मालकाकडे गेली होतीच. आता ती मालकाकडून एका कंठात जाऊन बसली. संगीत नाटकाच्या अर्थकारणाचे सारे पुढील नाट्य या एका हस्तांतरात बीजरूपाने आहे, असे म्हणता येईल.

गंधर्व नाटक मंडळीचा इतिहास याच दृष्टीने वाचावा लागतो. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून ही संस्था काढली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचा आश्रय तिला होता. ‘स्वयंवर’ (१९१६) आणि ‘एकच प्याला’ (१९१९) यांनी तिला जे यश दिले त्याला मराठी रंगभूमीवर तुलना नाही. तरीही १९२१ च्या सुमारास बोडस बाहेर पडले आणि बालगंधर्व एकटे मालक झाले, तेव्हा मंडळीवर लाखाच्या पलीकडचे कर्ज होते. त्या कर्जाच्या कारणांत खाडिलकरांच्या ‘द्रौपदी’ (१९२०) या नाटकाचे नाव हटकून घेतले जाते. मयसभेच्या देखाव्यावर आणि पोशाखावर मंडळीने हात सैल सोडून खर्च केला आणि नाटकाने ‘स्वयंवरा’सारखा हात दिला नाही.

या ठिकाणी नैतिक कथा थांबते आणि उधळेपणाचा निर्णय देऊन मोकळी होते. वस्तुतः विचार येथून सुरू व्हायला हवा. देखाव्याचा खर्च हा एकदाचा खर्च असतो. तो मोठा असला तरी मोजता येतो. मंडळीला पोखरणारा खर्च निराळा होता. शंभरावर माणसांचे बिऱ्हाड गावोगाव हलत होते. नट, साथीदार, रंगारी, शिंपी, आचारी, पोरेटोरे, त्यांचे पगार, दोन वेळची पाने, गावोगावची भाड्याची घरे आणि रेल्वेचे भाडे हे सारे प्रयोग असो वा नसो चालूच राहत होते. आठवड्यात प्रयोग मोजके. जेवणावळी मात्र रोजच्या. पावसाळ्यात उत्पन्न रोडावले तरी बिऱ्हाडाला शेतावर पाठवता येत नव्हते, कारण हे नट शेतकरी राहिलेले नव्हते. पेटाऱ्याला पावसाळ्यात झाकण लावता येते. बिऱ्हाडाला झाकण नसते.

शिवाय मंडळीच्या साथीला अहमदजान थिरकवाँसारखा तबलजी आणि कादरबक्षांसारखा सारंगिया होता. नाटकाच्या गरजेच्या मानाने ही साथ अतिरिक्त होती, असे एखादा हिशेबनीस म्हणेल; आणि तो चुकेल. बालगंधर्वांच्या गायकीचा जो आविष्कार प्रेक्षक विकत घेत होते, तो त्या साथीविना सिद्ध होत नव्हता. येथे खर्च हा शोभेचा भाग नसून आशयाचा भाग आहे. रुक्मिणीचा शालू हलका घेता आला असता, पण त्या शालूतील देहाचा डौल हाच जेथे चिन्हार्थ होता, तेथे कापडात केलेली काटकसर अर्थातही उतरली असती. बालगंधर्वांनी ऐश्वर्याचा सोस केला हे खरे. परंतु ऐश्वर्याची प्रतिमा हाच त्या रंगभूमीचा विक्रेय माल होता, हेही तितकेच खरे. दोन्ही विधाने एकत्र धरल्याशिवाय या कर्जाचा अर्थ लागत नाही.

विल्यम बॉमोल व विल्यम बोवेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये प्रयोगकलांच्या अर्थव्यवस्थेवर लिहिलेल्या ग्रंथात एक साधे निरीक्षण मांडले होते. कारखान्यात यंत्राच्या सुधारणेने तेच काम कमी माणसांत होते. चार वादकांसाठी रचलेली संगीतरचना वाजवायला मात्र शंभर वर्षांपूर्वी जितके वादक आणि जितका वेळ लागे तितकाच आजही लागतो. इतर क्षेत्रांतील वेतने वाढत जातात तशी या कलेची किंमत तिच्या कोणत्याही दोषाविना वाढत राहते. हे निरीक्षण संगीत नाटकाला लागू पडते, पण मराठी उदाहरणात त्याला एक पुस्ती जोडावी लागते. गंधर्व मंडळीत श्रम कमी होणे तर दूरच, प्रेक्षकांच्या आग्रहाने ते वाढत होते. ‘वन्समोअर’ ही संस्था या दृष्टीने फारशी तपासली गेलेली नाही. प्रेक्षक तिकीट एकदा काढतो आणि पद दोनदा, तीनदा घेतो. मंडळीच्या खतावणीत या दुसऱ्या आवर्तनाची नोंद शून्य असते. नटाच्या गळ्यात मात्र ती होते. नाटक पहाटेपर्यंत लांबते, कथानक पदांच्या मध्ये लोंबकळत राहते आणि जो कंठ हेच मुख्य भांडवल, त्याची झीज हा नफा समजला जातो. संगीत नाटकात नाट्य क्षीण होऊन मैफल बळावली, ही समीक्षकांची जुनी तक्रार आहे. त्या क्षीणतेचे मूळ नाटककारांच्या असामर्थ्यात जितके शोधले गेले, तितके या व्यवहारात शोधले गेले नाही.

नाट्यगृह भरलेले असूनही व्यवसाय बुडू शकतो, ही गोष्ट आपल्याकडे विरोधाभासासारखी वाटते. पण ती केवळ आपलीच कहाणी नव्हे. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर २०११ मध्ये ‘स्पायडरमॅन’वरील संगीतिका आली तेव्हा तिच्या उभारणीला साडेसात कोटी डॉलर लागले होते. प्रेक्षक आले, बरेच आले. पण केवळ चालू ठेवण्यासाठीच दर आठवड्याला दहा लाख डॉलरांहून अधिक लागत, आणि जानेवारी २०१४ मध्ये प्रयोग थांबले तेव्हा गुंतवणुकीचा मोठा भाग बुडालेला होता. फरक असा की, तेथे बुडाले ते गुंतवणूकदारांचे पैसे. बालगंधर्वांनी चाहत्यांकडून कर्जमुक्तीची देणगी न स्वीकारता स्वतःच्या गाण्याने ते कर्ज फेडले आणि त्यासाठी विसाच्या दशकातील बहुतेक वर्षे खर्ची घातली. याला सचोटी म्हटले जाते आणि ती होतीच. परंतु मर्यादित जबाबदारीची कल्पना ज्या व्यवसायात रुजलेलीच नाही, तेथे व्यवसायाचे अपयश व्यक्तीच्या अब्रूचा प्रश्न होते, हेही त्या सचोटीतून वाचता येते.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात झालेल्या ‘संयुक्त मानापमाना’कडे पाहिल्यास हीच गोष्ट उलट बाजूने दिसते. टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या या प्रयोगात केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी झाले. दोन प्रतिस्पर्धी मंडळींनी एका रात्रीपुरते आपापले श्रेष्ठ गळे एकत्र आणले आणि एरवी कल्पनेतही न येणारे दर प्रेक्षकांनी आनंदाने दिले. या घटनेचे वर्णन नेहमी स्पर्धेच्या आणि सौहार्दाच्या अंगाने होते. तिचा आर्थिक अर्थ असा की, संगीत नाटकाची खरी विक्रीमूल्ये बिऱ्हाडात नसून दोन कंठांत होती, आणि ते बिऱ्हाड वगळून एका रात्रीसाठी एकत्र आले तर उत्पन्न खर्चाला कितीतरी मागे टाकू शकत होते. हा धडा त्या वेळी कोणी घेतला नाही. तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव वारले. त्यांचे वय अवघे एकतीस होते.

येथे पूर्वोक्त प्रतिपादनाला एक आक्षेप संभवतो. जोखीम जर कंठात बसलेली होती, तर केशवरावांच्या मागे त्यांनी १९०८ मध्ये हुबळीस काढलेली ललितकलादर्श मंडळी बंद पडायला हवी होती. ती पडली नाही. बापूराव पेंढारकरांनी ती पुढे सोळा वर्षे चालवली. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर पुन्हा मालवणच्या किनाऱ्याकडे घेऊन जाते. बापूरावांच्या ललितकलादर्शला हात दिला तो मामा वरेरकरांनी. चिपळूणला जन्मलेल्या, मालवणात काही काळ शिकलेल्या आणि पोस्टखात्यात नोकरी केलेल्या वरेरकरांना नाटकाची पहिली ओढ लागली ती कोकणातील दशावतारी खेळांची. मालवणच्या नाट्यगृहाला आज त्यांचेच नाव आहे. ‘सत्तेचे गुलाम’ (१९२२) या त्यांच्या नाटकात पदे होती, पण नाटक पदांवर तोललेले नव्हते. समकालीन प्रश्न, गद्य संवादांची धार आणि वास्तवदर्शी नेपथ्य यांवर ते उभे होते. मंडळीने आपली जोखीम एका गळ्यातून काढून संहितेत आणि नेपथ्यात विभागली. वरेरकरांच्या नाट्यविषयक बंडखोरीची चर्चा पुष्कळ झाली आहे. एका नटाच्या मृत्यूनंतर तिने एका संस्थेला जगण्याची वाट दिली, या बाजूने ती क्वचितच पाहिली गेली.

मात्र ही विभागणीही फुकट नव्हती. जुन्या रंगभूमीवर जंगलाचा पडदा, राजवाड्याचा पडदा, रस्त्याचा पडदा असा संच असे. तोच रस्ता ‘मृच्छकटिका’त चाले आणि ‘शारदे’तही. पडद्यात गुंतलेला पैसा अनेक नाटकांत वाटला जाई. पु. श्री. काळे यांच्यासारख्या नेपथ्यकाराच्या मदतीने ललितकलादर्शने विशिष्ट नाटकाचे विशिष्ट घर उभे केले, तेव्हा त्या घरातील पैसा त्याच नाटकाशी बांधला गेला. नाटक पडले की ते घर म्हणजे नुसते लाकूड. वास्तववादाने मराठी नाटकाला सत्याच्या जवळ नेले, असे पाठ्यपुस्तके सांगतात. त्याने मराठी नाटकाचे भांडवल गोठवले, हे पुढचे वाक्य त्यांत नसते. दशावतारातील बाकडे याच्या नेमके उलट टोकाला आहे. ते कशासारखेच दिसत नाही, म्हणून ते सर्वांचे प्रतिनिधित्व करू शकते आणि कधीच जुने होत नाही.

बोलपटाने जे केले त्याचा निर्णय या पार्श्वभूमीवर थोडा बदलून द्यावा लागतो. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आणि १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ आला. १९३४ च्या अखेरीस गंधर्व मंडळी बंद झाली आणि बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’त (१९३५) एकनाथ झाले. दीनानाथ मंगेशकरांची बलवंत संगीत मंडळी १९१८ पासूनची. तीही थांबली, तिने स्वतःच चित्रपट काढण्याचे धाडस केले आणि ‘कृष्णार्जुन युद्ध’ (१९३४) या चित्रपटाने उरलेसुरले भांडवल नेले. १९४२ मध्ये दीनानाथ गेले ते हलाखीत. बोलपटाने संगीत नाटकाचा प्रेक्षक पळवला असे म्हणतात. प्रेक्षक पूर्णतः कधीच पळाला नव्हता. बालगंधर्वांचे प्रयोग नंतरही होत राहिले. परंतु ज्या व्यवसायाचा रोजचा खर्च न थांबणारा असतो, त्याला प्रेक्षक निम्मा होण्याची गरज नसते. तो थोडा घटला तरी पुरे. त्यात गावोगावची नाट्यगृहे चित्रपटगृहे झाली आणि बिऱ्हाडाला उतरायला जागा राहिली नाही. सिंधुदुर्गातल्या जत्रेला या दिवसांत काहीही झाले नाही, कारण बोलपटाने बळकवावे असे नाट्यगृह तिच्याकडे नव्हते. तळकोकणात रेल्वे १९९० च्या दशकात आली. वाघिणी भरून सामान नेणारे संगीत नाटक या किनाऱ्यावर खोल रुजले नाही आणि पेटारा अबाधित राहिला, त्यामागे या दुर्गमतेचाही हात असावा.

साठोत्तरी काळातील संगीत नाटकाच्या पुनरुज्जीवनाविषयी येथे थोडक्यात इतकेच म्हणता येईल की, ‘पंडितराज जगन्नाथ’, ‘मत्स्यगंधा’, ‘कट्यार काळजात घुसली’ ही नाटके बिऱ्हाड मोडल्यानंतरची आहेत. नट प्रयोगागणिक ‘नाइट’ घेऊ लागला, प्रयोग तीन तासांत आला, पगारी पंगत संपली. १९६७ च्या ‘कट्यार’मध्ये नायक-प्रतिनायक गायकच असल्यामुळे गाणे कथानकाच्या कारणाने येते आणि दृश्यबंधाचा डामडौल लागत नाही. आर्थिक शहाणपण आणि रूपबंधाचे शहाणपण यांची अशी भेट दुर्मीळ आहे. पण गळ्याची जोखीम तेथेही सुटली नाही. वसंतराव देशपांडे यांच्यानंतर खाँसाहेब कोण, हा प्रश्न दीर्घकाळ त्या नाटकाभोवती घोटाळत राहिला.

अधिक मूलगामी उत्तर मालवणी बोलीतून आले. गंगाराम गवाणकरांची ‘आज काय नाटक होवचा नाय’ ही एकांकिका वाढून ‘वस्त्रहरण’ झाली आणि १९८० मध्ये मच्छिंद्र कांबळी यांनी ते व्यावसायिक रंगमंचावर आणले. मालवणजवळच्या रेवंडीचे कांबळी यांनी आपल्या संस्थेला गावच्या भद्रकालीचे नाव दिले. ‘वस्त्रहरण’ हे संगीत नाटक नव्हे, परंतु संगीत पौराणिक नाटकाचे ते सर्वांत जाणते भाष्य आहे. खाडिलकरांनी आणि गंधर्व मंडळीने १९२० मध्ये जिच्यासाठी मयसभा उभारली, तीच द्रौपदी येथे एका कोकणी गावातल्या हौशी नाटकात उभी राहू पाहते, आणि नाटक होणार की नाही हीच त्या नाटकाची कथा होते. प्रयोग कोसळण्याची जी भीती व्यावसायिक मालकाची झोप उडवते, तीच येथे विनोदाचा विषय झाली आहे. पात्र ऐन वेळी अडून बसते, सामान अपुरे पडते, भाषा घसरते. आणि प्रत्येक अपुरेपण प्रयोगाची भर ठरते. ऐश्वर्याच्या अभावालाच आशय बनवणारे नाटक तोट्यात जाण्याच्या बहुतेक वाटा आधीच बंद करून घेते. आरंभीची मंद वाटचाल सोडता पुढे या नाटकाचे पाच हजारांवर प्रयोग झाले. ‘द्रौपदी’ आणि ‘वस्त्रहरण’ ही दोन नाटके एकमेकांशेजारी ठेवून मराठीच्या वर्गात शिकवली जात नाहीत, याचे नवल वाटते. एक शिष्ट, एक ग्राम्य, या जुन्या कोटिक्रमापलीकडे पाहिले, तर दोन्ही नाटके एकाच प्रश्नाची उत्तरे आहेत : राजसभा उभी करायला काय लागते?

आज मात्र पेटाऱ्याच्याही घडणीत बदल होत आहे. सिंधुदुर्गातल्या जाहिरातींत ‘ट्रिकसीनयुक्त’ दशावतारी नाट्यप्रयोगाची घोषणा असते. रंगीत प्रकाशयोजना, धूर, अचानक प्रकट होणारे देव, उडणारी अस्त्रे यांसाठी यंत्रसामग्री लागते, ती हाताळणारी माणसे लागतात आणि हे सारे वाहून नेणारी गाडी लागते. ‘संयुक्त दशावतार’ही होतात, निरनिराळ्या मंडळांतील नावाजलेले नट एका रात्रीसाठी एकत्र आणले जातात आणि नटाचे नाव आख्यानाहून मोठ्या अक्षरांत छापले जाते. १९२१ च्या बालीवाला थिएटरातील रात्रीचे हे नकळत केलेले पुनराख्यान आहे. परंपरेच्या शुद्धतेच्या नावाने या बदलांवर टीका करणे सोपे आहे आणि निरर्थकही. दशावतार कधीच शुद्ध नव्हता, संगीत नाटकाची पदे आणि चाली त्यानेही उचलल्याच. प्रश्न शुद्धतेचा नाही. बाकड्याच्या जागी विशिष्ट देखावा आला की पैसा त्या देखाव्याशी बांधला जातो. नटाचे नाव विकले जाऊ लागले की पात्र बदलता येत नाही. गाडीचा हप्ता पावसाळ्यातही येतो. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीने ऐन हंगामात जत्रा थांबवल्या, तेव्हा ज्या मंडळाकडे केवळ पेटारा होता त्याचे नट घरी गेले. ज्याच्या शिरावर यंत्रसामग्रीचा पैसा होता त्याच्या मालकाला घरी जाण्याने सुटका नव्हती.

गावाची बिदागी अद्याप सालाबादच्या हिशेबाने ठरते आणि तिला एक मर्यादा असते, कारण ती देवाच्या खर्चातील एक बाब आहे. देखाव्याच्या खर्चाला अशी मर्यादा नाही. या दोहोंतील अंतर आज मालक स्वतः भरून काढतो आहे, क्वचित ते भरण्यासाठी तिकीट लावून बंदिस्त नाट्यगृहात प्रयोग होतात. मालवणात अशा प्रयोगाला जाणारा प्रेक्षक मामा वरेरकर नाट्यगृहात खुर्चीवर बसतो, मध्यंतराची वाट पाहतो आणि घरी लवकर परततो. दहीहंडी फुटेपर्यंत तेथे कोणी थांबत नाही.